भाच्याचा अंतराळ केक : दूध, अंडं, दाणे, काजू-बदाम यांच्याशिवाय

शनिवार, १ नोव्हेंबर

भाच्याचा आठवा वाढदिवस २२ तारखेला आहे. केक मी करणार, असं मागेच बोलून बसले होते. आज त्याने वहीचा कागद फाडून हातात ठेवला. त्यावर काळा गोल, त्यात आठ ग्रह, शिवाय प्लूटो ("तो ग्रह नाहीये मावशी, पण मला पाहिजे") आणि कोपऱ्यात रॉकेट. रॉकेट मी तिथल्या तिथे खोडून घेतलं. बाकीचं कबूल केलं.

त्याला दूध, अंडं, शेंगदाणे आणि काजू-बदाम-अक्रोड-पिस्ते यांची अ‍ॅलर्जी आहे. गहू, सोया, नारळ चालतो. खाणारी माणसं अठरा. ताईची अट एकच: केक एकच हवा. आजवर दोन केक असायचे, एक पाहुण्यांचा आणि एक त्याचा, बशीएवढा. "दुसऱ्यांच्या घरी तो आपला डबा घेऊन बसतोच गं, निदान स्वतःच्या वाढदिवसाला तरी सगळ्यांनी त्याचं खाऊ दे."

मी केक बरा करते, पण तो लोण्या-अंड्यांच्या जिवावर. ते दोन्ही काढून घेतल्यावर मला काय येतं ते तीन आठवड्यांत कळेल. असंच काही करायला निघालेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

रविवार, २ नोव्हेंबर

आज केकचा विषयच निघाला नाही. दिवस स्वयंपाकघरात गेला.

ताईच्या घरात या वस्तू येतच नाहीत, त्यामुळे तिला फक्त पाकिटं वाचावी लागतात. माझ्या घरात सगळंच येतं. मैद्याची चाळणी खिडकीच्या उजेडात धरली, तर जाळी जिथे कडेच्या पट्टीत दुमडलेली असते तिथे फिकट पिवळी भुकटी अडकलेली दिसली. बदामाची पूड, कधीची कोण जाणे. टूथब्रशने घासली, धुतली, उन्हात वाळवली आणि कागदावर आपटली. तरीही कागदावर चिमूटभर पडलीच. चाळणी बाद. मग तोच डोळा घेऊन बाकीच्या वस्तूंकडे पाहिलं आणि भेगा पडलेले लाकडी चमचे, लोणी लावायचा ब्रश, चरे गेलेला नॉनस्टिक टिन, कापडी पायपिंग बॅग, सगळं बाजूला गेलं. स्टील आणि काच ठेवली, गरम पाण्याने आणि साबणाने घासून.

हातांच्या बाबतीत मी सॅनिटायझरवर विसंबून होते. ते चालत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांच्या हाताला शेंगदाण्याचं बटर लावून पाहिलं होतं. साबणाने आणि ओल्या वाइप्सने हात स्वच्छ झाले. नुसत्या पाण्याने आणि सॅनिटायझरने धुतलेल्यांपैकी काहींच्या हातावर दाण्याचं प्रथिन उरलंच. सॅनिटायझर जंतू मारतं, प्रथिन काही उचलून नेत नाही. तेव्हा साबण, आणि दर वेळी.

नवीन घ्यावं लागलं: एक चाळणी, दोन सिलिकॉनचे उलथने, दोन ब्रश, २० सेमीचे तीन गोल टिन, वापरून फेकायच्या पायपिंग बॅगा. सगळं झाकणाच्या एका खोक्यात. २२ तारखेपर्यंत ते खोकं दुसऱ्या कामाला उघडायचं नाही. वेळ गेला चार तास. घरात सगळ्यांना ताकीद: ओट्याची डावी बाजू माझी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल सामान आणलं आणि आज ताईला व्हिडिओ कॉलवर एकेक पाकीट दाखवलं. अर्धं सामान नापास.

मार्गारिन: वनस्पती तेलाचं म्हणून उचललं, मागे बारीक अक्षरांत व्हे पावडर. व्हे म्हणजे दुधाचंच पाणी. लॅक्टोज-फ्री दूध तर मी मोठ्या हुशारीने आणलं होतं. ताईने कपाळाला हात लावला. लॅक्टोज ही दुधातली साखर, ती पचत नाही त्यांच्यासाठी ते दूध. भाच्याला वावडं आहे ते दुधातल्या प्रथिनांचं, आणि ती त्यात जशीच्या तशी असतात.

सगळ्यात जास्त राग आला तो फेटायच्या क्रीमचा. पुढे ठसठशीत 'नॉन-डेअरी', मागे घटकांत सोडियम केसिनेट. केसिन हे दुधातलं मुख्य प्रथिन. "अगं, या नावावर मी पहिल्याच वर्षी फसले होते," ताई म्हणाली. "पुढची बाजू वाचायचीच नाही. पाकीट हातात आलं की उलटं करायचं."

डार्क चॉकलेटवर दूध नव्हतं, पण 'अंश असू शकतात' होतं. ही ओळ बऱ्याच देशांत ऐच्छिक असते. म्हणजे ती आहे तिथे धोका आहे हे कळतं, पण ती नाही म्हणून धोका नाही असं धरता येत नाही. ज्या वस्तूबद्दल शंका, तिच्या कंपनीला विचारायचं किंवा वस्तूच टाळायची. मी चॉकलेटच टाळलं, निव्वळ कोको पावडर घेतली. सजावटीचे रंगीत दाणे आणि चंदेरी मोतीही गेले. तीन पाकिटांपैकी तिन्हींवर बदाम किंवा दुधाचा उल्लेख. मार्झिपान मी आणलं नव्हतं, पण ग्रहांसाठी डोक्यात होतं. ते तर बदामाचंच असतं.

उरलं काय? मैदा, साखर, पिठीसाखर, कोको, सूर्यफूल तेल, खायचा सोडा, व्हिनेगर, व्हॅनिला, मीठ, जेल रंग, साधं फॉन्डंट (मळून लाटायची साखरेची कणीक) आणि अगर-अगर (समुद्री शेवाळापासूनची, जिलेटिनसारखं घट्ट करणारी पूड). यातून सूर्यमाला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पहिला प्रयोग, आणि आगाऊपणा माझाच. केक सपाट कशाला, अर्धगोल करू, म्हणजे आपोआप ग्रह. स्टीलच्या खोलगट वाडग्यात बॅटर ओतलं.

कृती जुनीच आहे, मंदी आणि रेशनच्या दिवसांशी जिचं नाव जोडलं जातं ती. अंडं नाही, दूध नाही. सोड्यावर व्हिनेगर पडलं की जो वायू सुटतो, तोच केक उचलतो. तीस मिनिटांनी वरून सुंदर दिसला. सुरी घातली तर आत कढी. अजून वीस मिनिटं, मग अजून पंधरा. बाहेर काढून उलटा केला तेव्हा कडा बिस्किटासारख्या आणि मधोमध ओली, दबलेली खळी.

अंड्याच्या केकमध्ये अंडं शिजून घट्ट होतं आणि आतला सांगाडा धरून ठेवतं. इथे तो आधार नाही. खोल भांड्यात उष्णता मध्यापर्यंत पोचेतो वायू निघून जातो आणि मधला भाग बसतो. म्हणून हा केक पातळ थरांतच करायचा. अर्धगोलाचा नाद सोडला. कुस्करलेला केक डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाकला, फेकवेना. (पुढे तोच कामाला आला.)

शनिवार, ८ नोव्हेंबर

२० सेमीच्या टिनमध्ये एक थर, ४ सेमी उंचीचा. माझं प्रमाण:

मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, सोडा १ चहाचा चमचा, मीठ अर्धा चमचा. हे चाळून घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात पाणी २४० मिली, तेल ८० मिली, व्हिनेगर १५ मिली, व्हॅनिला १ चमचा. दोन्ही एकत्र करून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळायचं. १८० अंश, ३० ते ३५ मिनिटं.

आज तीनदा केला. पहिल्यांदा गुरुवारची भीती मनात होती म्हणून सोडा दीड चमचा घातला. तो भसकन फुगला, मधे खचला, वर तांबूस झाला आणि चवीला साबण. एका चमच्याला हात लावू नका.

दुसऱ्यांदा दोन थरांचं बॅटर एकदम कालवलं. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच टिन नीट भाजतो, म्हणून दुसरा टिन ओट्यावर अर्धा तास थांबला. पहिला उत्तम झाला, आणि दुसरा, त्याच भांड्यातल्या बॅटरचा, विटेसारखा. सोडा आणि व्हिनेगर भेटल्या क्षणी कामाला लागतात, कुणासाठी थांबत नाहीत. कोरडं तीन डब्यांत मोजून ठेवायचं, ओलं तीन बाटल्यांत, आणि ओव्हन रिकामा झाला की त्या त्या थराचंच कालवायचं.

तिसऱ्यांदा तसंच केलं आणि जमलं. घरातल्या दोघांना न सांगता वाढला, दोघांनीही "अंडं नाही का यात?" असं विचारलं नाही. एकाने दुसरा तुकडा मागितला. मला तेवढं प्रमाणपत्र पुरे.

रविवार, ९ नोव्हेंबर

हा दिवस नोंदीतून गाळावा असं फार वाटलं.

आरशासारखं चमकणारं ग्लेझ ओतून आकाशगंगा करायची होती. त्यात एरवी कंडेन्स्ड मिल्क, पांढरं चॉकलेट आणि जिलेटिन असतं. मी नारळाचं दाट दूध, साखर, कोको आणि जिलेटिनऐवजी अगर घेतलं. जिलेटिनचं ग्लेझ साधारण ३२ ते ३५ अंशांवर ओततात, एवढं मला पाठ होतं. थर्मामीटर लावून बसले. ४० वर आलं तेव्हा कडेला साय धरल्यासारखं झालं. वाटलं, निवतंय. ३५ वर चमचा घातला तर अख्खा गोळा चमच्याबरोबर वर आला.

अगर ४० ते ३२ अंशांच्या दरम्यानच घट्ट होतं आणि एकदा झालं की ८५ च्या आसपास नेल्याशिवाय विरघळत नाही. जिलेटिन बोटाच्या उबेने वितळतं, याचा स्वभाव सगळाच वेगळा. पुन्हा उकळलं, या वेळी ५० अंशांवर ओतलं. छान पसरलं, चमकलंही. पाच मिनिटांनी केक जरा तिरका केला आणि वरचा सबंध थर ओल्या रुमालासारखा घसरून ताटात आला.

केकची बाजू अडीच मिनिटं काळी चमकदार होती, त्याचा फोटो आहे. बाकी साडेतीन तास, दोन डबे नारळाचं दूध आणि एक थर केक पाण्यात. ग्लेझ रद्द. क्रीमनेच आकाश रंगवायचं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

क्रीम. पहिली खेप खोबरेल तेलाची: थंड असताना लोण्यासारखं घट्ट, छान फेटलं गेलं, वासही चांगला. टर्नटेबलवर थर चढवून फोन घ्यायला गेले आणि परत आले तोवर कडेने ओघळ. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, आणि ओव्हन चालू असलेल्या स्वयंपाकघरात ३० होतं. वाढदिवसाच्या खोलीत अठरा माणसं आणि आठ मेणबत्त्या. नको.

(नारळाबद्दल एक. नारळ कुठे काजू-बदामांच्या यादीत असतो, कुठे नसतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने तो जानेवारी २०२५ मध्ये त्या यादीतून काढला. तरी नारळ न चालणारी माणसं असतातच. यादीला नाही, त्या मुलाच्या आईला विचारा.)

दुसरी खेप वनस्पती शॉर्टनिंगची, म्हणजे डालड्यासारख्या घट्ट चरबीची: २५० ग्रॅम शॉर्टनिंग, ५०० ग्रॅम पिठीसाखर, ३ ते ४ मोठे चमचे पाणी, व्हॅनिला, आणि चिमूटभर जास्तच मीठ. मीठ विसरलात तर नुसती गोड चरबी लागते. शॉर्टनिंग आधी एकटं पाच मिनिटं फेटायचं, साखर तीन हप्त्यांत. दोन तास ओट्यावर ठेवून पाहिलं, जागचं हललं नाही. लोण्याच्या क्रीमची सर त्याला नाही हे खरं. पण भाच्याने लोण्याचं क्रीम कधी खाल्लेलंच नाही, तेव्हा तुलना करणारी मी एकटीच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काळा रंग. पांढऱ्या क्रीममध्ये काळा जेल थेंबथेंब घालत गेले: करडा, गडद करडा, पाटीचा करडा. अर्धी बाटली संपली, क्रीम कडू झालं आणि काळं काही होईना. चाखून पाहिलं तर जीभ आणि दात निळेजांभळे. अठरा माणसांचे तसे दात डोळ्यांसमोर आले.

मग क्रीममध्ये ६० ग्रॅम कोको चाळून घातला, आधी तपकिरी केलं, आणि त्यावर काळा जेल. चहाचा पाऊण चमचा पुरला. तेव्हाही ते गडद तपकिरीच दिसत होतं. आणखी ओतायचा मोह झाला, पण झाकण लावून झोपले. सकाळी उघडलं तर काळंभोर. हा रंग रात्रभरात चढतो. घाईने ओतलेला जेल वाया जातो आणि कडवटपणा तेवढा उरतो.

शुक्रवार, १४ आणि शनिवार, १५ नोव्हेंबर

ग्रह. भाचा दोन्ही दिवस शाळेनंतर हजर, देखरेखीला.

आल्या आल्या प्रश्न: "मापात करणारेस ना?" कागद घेऊन बसलो. गुरू ५ सेमीचा केला तर शनी ४.२ सेमी, युरेनस आणि नेपच्यून पावणेदोन सेमीच्या आगेमागे, पृथ्वी साडेचार मिलिमीटर, मंगळ अडीच, आणि बुध जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. मोहरीएवढा बुध कुणाच्या दातात अडकला तर कळणारही नाही. सूर्य केला तर तो जवळपास अर्ध्या मीटरचा, म्हणजे टेबलच सूर्य. बराच घोळ झाल्यावर तह ठरला: क्रम बरोबर ठेवायचा, लहान-मोठेपणा बरोबर ठेवायचा, मापात सूट. बुध ८ मिलिमीटर.

नुसत्या फॉन्डंटचा गुरू भरीव झाला आणि नमुन्याच्या केकवर ठेवताच हळूहळू आत रुतला. तेव्हा फ्रीझरमधला गुरुवारचा चुरा आठवला. त्यात थोडं क्रीम मळून गोळे केले, तासभर थंड केले आणि वरून फॉन्डंटचा पातळ थर. वजन निम्म्यावर आलं. फ्रीजमधून काढलेल्या गोळ्यांना मात्र घाम फुटला, रंग चिकट झाला, गुरूचे पट्टे एकमेकांत शिरले. हात न लावता पंख्याखाली ठेवले. दीड तासाने कोरडे. शिरलेले पट्टे तसेच ठेवले, खऱ्यासारखे दिसतात.

शनीची कडी तीनदा मोडली. ओली असताना ताटलीसारखी वाकते, वाळली की कडकन तुटते. शेवटी फॉन्डंटमध्ये चिमूटभर सीएमसी पावडर (फॉन्डंट घट्ट वाळावं म्हणून घालायची खाण्याची भुकटी) मळली, दोन मापांच्या गोल कटरने चार कड्या कापल्या आणि बटर पेपरवर सपाट वाळत ठेवल्या. पुढच्या शुक्रवारपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. चार केल्या म्हणजे दोन तरी जगतील.

गुरूवर तांबडा डाग मी वरच्या अंगाला काढला. भाच्याने मान वाकडी करून पाहिलं. "मावशी, तो दक्षिणेला असतो." डाग काढायला गेले तर फॉन्डंट फाटणार. मी हताश होऊन त्याच्याकडे पाहते आहे, तोवर त्याने दोन बोटांनी गुरू उचलला आणि उलटा ठेवला. "झालं."

युरेनस आणि नेपच्यूनसाठी दोन वेगळे निळे कालवायचे होते. तो म्हणाला, दोघं जवळजवळ सारखेच हिरवट निळे आहेत, गडद निळा नेपच्यून हा जुन्या फोटोंच्या रंगसुधारणेमुळे. मी पडताळलं. व्हॉयेजर २ या यानाने १९८९ मध्ये घेतलेली छायाचित्रं जास्त निळी केली गेली होती, आणि २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या संशोधनाने ते दाखवून दिलं. एका वाटीचा रंग वाचला.

प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढलं, तरी आमच्याकडे तो आहे. वाटाण्याएवढा, फिकट मातकट, आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घेऊन केलेला. त्यावरचा हृदयाच्या आकाराचा पांढरा भाग टूथपिकच्या टोकाने काढला, भाच्याने स्वतः.

रविवार, १६ नोव्हेंबर

ताऱ्यांसाठी चकाकती चंदेरी भुकटी आणली होती. डबीवर 'नॉन-टॉक्सिक'. घटकांची यादीच नाही. ताईच्या धाकाने आता मी उलटी बाजू वाचतेच, म्हणून शोधलं, आणि बरं झालं. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्यायोग्य असं नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन मुलं आजारी पडली होती. केकवरच्या सोनेरी भुकटीत तांबं निघालं. दुसऱ्या वर्षी मिझुरीत एका बाळाच्या रक्तात शिसं आढळलं, त्याचा माग केकवरच्या रंगाच्या भुकटीपर्यंत गेला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने (सीडीसी) दोन्ही प्रकरणं २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. इथे अ‍ॅलर्जीचा संबंधच नाही, हे कुणाच्याही पोटात जायला नको. 'खाण्यायोग्य' असं लिहिलेलं आणि घटक छापलेले असतील तरच घ्यायचं. डबी कचऱ्यात.

तारे साखरेचे: ३० ग्रॅम पिठीसाखर आणि चहाचा एक चमचा पाणी, खरं तर काकणभर कमीच. नवा ब्रश बुडवायचा आणि बोटाने केस मागे ओढून सोडायचे. पाणी जास्त झालं तर तारे क्रीमवर विरून जातात. पहिला शिंतोडा नेहमी मोठा पडतो, तो कागदावर झटकून टाका. माझा भिंतीवर पडला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तीन थर भाजले, एकामागून एक. घरातल्यांना संध्याकाळी स्वयंपाकघर बंद. थर निवल्यावर गुंडाळून फ्रीजमध्ये, कारण थंड केक कापताना चुरा कमी होतो. तीन तास, एकही चूक नाही. लिहिण्यासारखंही काही नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

थर रचले, पातळ हात फिरवून चुरा बसवून घेतला, अर्धा तास थंड केलं, मग काळं क्रीम. इथवर ठीक.

आकाशगंगेसाठी काळ्यावर निळे, जांभळे, गुलाबी ठिपके लावून स्क्रेपरने फिरवायचे होते. मी उत्साहाने पाच-सहा वेळा फिरवलं. दुसऱ्या फेरीला ते सुंदर होतं आणि पाचव्या फेरीला फरशी पुसल्याच्या पाण्याच्या रंगाचं. रात्रीचे साडेनऊ. खुर्चीवर बसून राहिले थोडा वेळ.

दुरुस्ती अशी: केक वीस मिनिटं फ्रीझरमध्ये. वरचा मळका थर कडक झाल्यावर गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने खरवडला. खाली काळं शाबूत होतं. पुन्हा अर्धा तास थंड. मग ठिपके फक्त एका तिरक्या पट्ट्यात, आणि स्क्रेपर दोनदाच, एकाच दिशेने. तिसऱ्यांदा हात पुढे गेला होता, तो मागे घेतला. थंड काळ्या थरात नवे रंग मिसळत नाहीत, वर पसरतात. हे आधी कळतं तर अडीच तासांची झोप मिळाली असती.

शिंतोड्यांचे तारे. शनीच्या चार कड्यांपैकी एक बसवताना गेली, दुसरी बसली. ग्रह उद्या तिथेच ठेवणार. रात्री फ्रीजमध्ये ठेवले तर पुन्हा घाम.

शनिवार, २२ नोव्हेंबर

केक गाडीत पायाशी, सपाट, खाली घसरू नये म्हणून रबरी जाळी. ग्रह वेगळ्या डब्यात मांडीवर. ताईकडे पोचल्यावर भाच्याने स्वतः मांडले. युरेनस आडवा केला, कारण तो ९८ अंश कलंडलेला असतो.

शेवटची चूक टळली ती ताईमुळे. मेणबत्त्या विझल्या, टाळ्या वाजल्या, आणि कुणीतरी मदत म्हणून बाजूच्या टेबलावरची सुरी उचलून पुढे केली. त्या सुरीने नुकतेच पाहुण्यांनी आणलेले पेस्ट्रीचे तुकडे केले होते. पात्यावर पांढरी रेघ होती. ताईने नुसता हात आडवा धरला, काही बोलली नाही. मी खोक्यातून आमची सुरी काढली. तीन आठवडे चाळण्या आणि पाकिटं तपासत बसलेली मी, पेस्ट्री टेबलावर आली तेव्हा माझ्या डोक्यात घंटाही वाजली नव्हती. तेव्हा हे आधी ठरवा: केक कापून वाटून होईपर्यंत दुसरं काही उघडायचं नाही, सुरी आपली, आणि ती एकाच माणसाच्या हातात. ताईच्या पर्समध्ये अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका आला तर द्यायचं, कायम असतं. ते आज पर्समध्येच राहिलं.

केक सगळ्यांना पुरला, चार तुकडे उरले. मुलांचे ओठ थोडे काळे झाले, दात नाही. एका पाहुण्या मुलाने शनीची कडी मागितली आणि भाच्याने विचार करून दिली.

रविवार, २३ नोव्हेंबर

हिशोब. एकूण ३४ तास, त्यातले प्रत्यक्ष केकचे फार तर ११. उरलेले पाकिटं, घासणं, ग्लेझ आणि परवाची फरशीच्या रंगाची रात्र यांत गेले. भाजलेले थर आठ, केकमध्ये गेलेले तीन. क्रीम तीनदा केलं, एकदा फेकलं. पुन्हा केला तर ग्रह आणि कड्या दहा दिवस आधी, काळं क्रीम दोन दिवस आधी, थर आदल्या दिवशी, आणि ग्लेझ कधीच नाही. चाळणी आणि ब्रश खोक्यासकट ताईकडे दिले.

काल तिने सवयीने त्याचा डबा भरून ठेवला होता. तो कुणी उघडलाच नाही. आज सकाळी तिचा फोन: धुवायला घेतला तर आतलं खाणं ताटात काढून ठेवलेलं आणि डब्यात गुरू. अख्खा मावत नव्हता म्हणून एका बाजूने चावून बसवला होता. तांबडा डाग गेला होता.